आयएसबीएनच्या नावाने पैसे उकळणारा तो मेसेज

प्रकाशकांचे उंबरठे झिजवू नका, एक रुपयाही न गुंतवता पुस्तक काढा, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) घेऊन कॉपीराइट पक्का करा, 70 टक्के रॉयल्टी मिळवा, बेस्टसेलर व्हा, अशा मजकुराचा मेसेज साहित्याच्या ग्रुपांवर फिरतोय. इतके दिवस मी तो वाचून सोडून देत होते. आता तो आमच्या काकांपर्यंत पोचला आहे. काका एसटीत कंडक्टर होते. कोकणातल्या घाटांवरच्या नोकरीच्या आठवणी त्यांनी वह्यांमध्ये लिहून काढल्यात. मेसेजखालच्या नंबरवर त्यांनी फोन केला तर त्यांना सांगितलं गेलं, की आधी आयएसबीएनचे पैसे भरा, नाहीतर तुमचं लिखाण उद्या कुणीही स्वतःच्या नावावर छापेल. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला अशी भीती घालायची म्हणजे काय!

तर पहिल्यांदा हेच. आयएसबीएन आणि कॉपीराइट यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही लिहिलंत की हक्क तुमचा. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. नोंदणी करता येते, पण ती ऐच्छिक आहे. काकांच्या वह्या कपाटात असल्या तरी त्यावर हक्क त्यांचाच. आयएसबीएन हा तेरा आकडी क्रमांक आहे. दुकानदाराला, ग्रंथपालाला नेमकी कुठली आवृत्ती ते कळावं, एवढंच त्याचं काम. तो देताना पुस्तक कुणी वाचून बघत नाही, त्यामुळे ‘सरकारमान्य पुस्तक’ वगैरे सगळ्या थापा. आणि भारतात तो फुकट मिळतो! शिक्षण मंत्रालयाची राजा राममोहन रॉय एजन्सी तो देते, लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. वेळ लागतो, कागदपत्रांचा ताप होतो, हे मान्य. त्या तापाचे कुणी मेहनतीचे पैसे मागितले तर तसं सांगून मागावेत. शिवाय कंपनीने स्वतःच्या खात्यातला क्रमांक दिला तर प्रकाशक म्हणून नाव तिचं लागतं, आणि उद्या दुसरीकडे पुस्तक काढायचं तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. हे फोनवर कुणी सांगत नाही.

‘एक रुपयाही नाही’ यात मात्र थोडं तथ्य आहे. मागणी येईल तशी प्रत छापली जाते, हजार प्रती छापून पलंगाखाली रचाव्या लागत नाहीत. बेंगळुरूच्या पोथी डॉट कॉमसारख्या, लेखकाला स्वतः पुस्तक काढू देणाऱ्या साइटवर तयार फाइल फुकट चढवता येते. घरच्यांसाठी आणि डेपोतल्या जुन्या सोबत्यांसाठी पन्नासेक प्रती हव्या असतील तर हा मार्ग चांगलाच. पण ‘तयार फाइल’ म्हणजे काय ते मराठी लेखकाने नीट समजून घ्यावं. काकांचं एक प्रकरण तालुक्याच्या डीटीपीवाल्याने श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत टाइप केलं होतं. ते युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, नेल्यावर घाटातल्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ झाल्या. बस घाट उतरते आणि खाली खोल दर्या दिसतो! स्पेलचेकला ते कळत नाही, कारण ‘दर्या’ही बरोबरच शब्द. ओळीवर बोट ठेवून वाचणारा मुद्रितशोधक लागतो आणि त्याला पैसे द्यावे लागतात. खर्च करायचाच तर तिथे करा.

70 टक्के हा आकडा ॲमेझॉनच्या किंडलवरच्या ई-बुकचा, तोही ठरावीक किमतीत आणि अटी पाळल्या तर. नाहीतर 35. छापील पुस्तकात आधी छपाई वजा होते, मग विकणाऱ्याचा वाटा, उरलं ते तुमचं. ऑफसेटला, म्हणजे एकगठ्ठा छपाईत, प्रती वाढल्या की दर उतरतो, मागणीनुसार छपाईत पाचशेवी प्रतही जवळपास पहिलीच्याच भावात पडते. ‘बेस्टसेलर’बद्दल काय बोलायचं? ॲमेझॉनची क्रमवारी सतत बदलत असते, आणि एखाद्या बारक्या विभागात नातेवाइकांनी एका दिवशी मागवलेल्या थोड्या प्रतींवरही पहिला नंबर लागतो.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही तो भाग म्हणजे करार. प्रती संपल्या की हक्क लेखकाकडे परत, असं कलम जुन्या करारांत असतं. मागणीनुसार छपाईत प्रती कधी संपतच नाहीत, त्यामुळे त्या कलमाचा उपयोग शून्य. म्हणून मुदत वर्षांत लिहून घ्या. हक्क दिले आणि मुदत लिहिलीच नाही, तर कायद्याचं कलम 19 ती पाच वर्षं धरतं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण ‘कायमस्वरूपी’ असं छापलेल्या कागदावर सही केलीत, तर हे संरक्षण हातचं गेलं. काकांना आलेल्या मसुद्यात नेमका तोच शब्द होता, पाचव्या पानावर, बारीक टाइपात. त्यांनी सही केलेली नाही. वह्या आता माझ्याकडे आहेत, आयएसबीएनचा अर्ज त्यांच्याच नावाने भरायला घेतलाय.