बिनचलानाचा माल

नौपाड्यात भाजी आणायला जाणं हे आमच्या घरी आता दोन माणसांचं काम झालंय. एकाने भाजी घ्यायची, दुसऱ्याने सांत्वन करायचं. आमचे सासरे, अण्णा, गेले त्याला वर्ष होत आलं, पण गावाला ते अजून पटलेलं नाही. "अण्णांच्या सूनबाई ना तुम्ही?" एवढं कानावर पडलं की नवरा माझ्या हातातली पिशवी घेतो आणि कांदेबटाट्यांच्या दिशेने नाहीसा होतो. मुलगा त्यांचा, पण उभी राहते मी.

मग समोरचा आवाज खाली आणून सांगतो, "खरं सांगू का, अण्णा माझ्याजवळच काय ते मोकळेपणाने बोलायचे." हे गुपित मला आजवर दातांच्या डॉक्टरांनी, कोपिनेश्वराजवळच्या फुलवाल्या मावशींनी, इस्त्रीवाल्याने आणि एका रिक्षावाल्याने (मीटर चालू ठेवून) सांगितलेलं आहे. ज्याच्याशी अण्णा मोकळेपणाने बोलत नसत असा माणूस मला अजून भेटायचाय.

अण्णा होते तेव्हाचे हाल निराळे होते. घंटाळीपासून ठाणे स्टेशन चालत दहा-बारा मिनिटं. "चल, तुला सोडतो, मला तसंही त्या बाजूला काम आहे," असं अण्णा म्हणाले की माझी गाडी गेलीच समजायची. 1853 साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून 34 किलोमीटर धावत ठाण्याला आली. अण्णांना गोखले रोडच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला कधी कधी त्याहून जास्त वेळ लागायचा. कारण वाटेत चष्म्याचं दुकान, मग त्या दुकानात बसलेले कोणाचे तरी व्याही, मग व्याह्यांचा गुडघा. मी घड्याळाकडे बघितलं की म्हणायचे, "अगं, ठाण्याला गाड्यांना काय तोटा? दहा फलाट आहेत." ऑफिसात साहेबांना काय फलाट मोजून दाखवायचे?

1978 साली गडकरी रंगायतन उघडलं तेव्हापासून अण्णा नाटकांचे नेमाचे प्रेक्षक, पण फक्त पहिल्या अंकाचे. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत ओळख निघायची, घंटा व्हायची, लोक आत जायचे, अण्णा आणि ती ओळख बाहेर. शेवट काय झाला ते आई त्यांना परत येताना तलावपाळीवर सांगायच्या. बहुतेक वेळा त्यांना तो पटायचा नाही.

आणि हा माणूस नोकरीला काय होता, तर स्टोअरकीपर! वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. तिथे साधा वॉशरसुद्धा चिठ्ठीशिवाय हलायचा नाही म्हणे. इन्वर्ड, आउटवर्ड, चलान, प्रत्येक खणाला आला-गेला माल लिहायचं ‘बिन कार्ड’. मार्चअखेर कागदावरचा आकडा आणि रॅकवरचा माल जुळला नाही तर अण्णा जेवायचे नाहीत. घरी मात्र कशाची म्हणून नोंद नाही. दिवसकार्य उरकल्यावर आम्ही त्यांचं कपाट उघडलं, तर त्यात अण्णांचं असं फारच थोडं होतं. सहा शर्ट, पेन्शनची फाईल, आणि बाकी सगळा गावाचा माल. लोकांच्या छत्र्या. कोणाच्या तरी कुकरचं झाकण, नवी रिंग बसवायला घेतलेलं. एका डोळ्याचा नंबर बदललेला चष्मा. मराठी ग्रंथ संग्रहालयाची दोन पुस्तकं, तिसऱ्याच कोणाच्या नावावर घेतलेली. ती परत करायला गेले तर तिथेही मला बसवून पाणी दिलं. 1893 पासून चालू असलेली संस्था आहे, उशिरा आलेल्या पुस्तकांची तिला सवय असणार. पण अण्णा येणार नाहीत हे ऐकून काउंटरवरच्या बाईंना दंड लावायचं सुचलंच नाही.

सगळ्यात जड माल म्हणजे पत्रिका. लग्नाच्या. फोटोला टाचणी लावलेल्या. एकीच्या मागे नंबर होता म्हणून फोन केला, तर मुलीनेच उचलला. तिचा मुलगा यंदा बारावीला आहे. "अण्णा अजून बघतायत की काय माझ्यासाठी?" म्हणून ती खूप हसली. मग मी बातमी सांगितली, मग ती रडली, मग मी तिची समजूत काढली. फोन ठेवताना डोळे पुसल्याच्या आवाजात म्हणाली, "माझ्या धाकट्या दिराचं बघताय ना? पाठवते पत्रिका." पाठवली. म्हणजे एक गेली आणि एक आली. हा आउटवर्ड की इन्वर्ड, हे विचारायला आता स्टोअरकीपर नाहीत.

त्यांचा मोबाइल मी अजून चालू ठेवलाय, म्हणजे ठेवावा लागलाय. त्यातली नावं अशी: 'दाढ', 'पाडवा लेझीम', 'खिडकीवाले', 'गॅस पण चांगला माणूस'. एक नंबर 'उचलू नये' या नावाने आहे. त्या माणसाशी अण्णा सगळ्यांत जास्त वेळ बोलायचे. तोही परवा रडला.

नवरा म्हणतो, बंद कर तो फोन. मला ते जमत नाही, त्याचं कारण 26 जुलै 2005. त्या दिवशी गाड्या बंद पडल्या आणि मी मुलुंडला अडकले. एका टेलिफोन बूथवरून कसाबसा घरी फोन लागला. अण्णा म्हणाले, "आहेस तिथेच थांब, हलू नकोस. बघतो." बघतो म्हणजे काय बघणार, मला कळेना. बाहेर कमरेएवढं पाणी. तासाभराने छत्री आणि टॉर्च घेऊन एक गृहस्थ आले. "अण्णांच्या सूनबाई?" त्यांच्या घरी गरम पिठलं-भात होता, कोरडी साडी होती, आणि त्या काकूंना माझं माहेर, माझं लग्न, माझं अॅसिडिटीचं औषध, सगळं ठाऊक होतं. सकाळी अण्णा ठाण्याहून चालत मला न्यायला आले. आले आणि बसले. चहा झाला, पोहे झाले, त्या गृहस्थांच्या कारखान्यातल्या संपाचा विषय निघाला. मी पर्स खांद्याला लावून दारात उभी. जेवूनच निघालो.

आईंना हे सगळं ऐकायला आवडतं. आलेल्या प्रत्येकाला त्या समोर बसवतात आणि विचारतात, "तुमच्याकडे काय बोलायचे हो हे?" काल मला म्हणाल्या, "घरात कधी एवढं बोलले नाहीत बघ. नुसतं, मीठ कमी आहे."

तेव्हा कळवायचं असं, की छत्र्या संपत आल्या, पण कपाटाचा वरचा खण अजून भरलेला आहे. कुकरचं झाकण तीन लिटरचं आहे. नवी रिंग आम्ही बसवून ठेवली आहे, तिचे पैसे नकोत. संध्याकाळी सातनंतर यावं. चहा मिळेल. आणि एक किल्ली आहे, तिला अण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली: 'खालच्यांची'. ज्यांची असेल त्यांनी कृपया लवकर न्यावी, कारण आम्ही तळमजल्यावर राहतो.