युरेनियम एवढे जड, मग ते वर कसे?

सध्या फिरणाऱ्या एका मजकुराचा गाभा असा: "पृथ्वी वितळलेली असताना जड मूलद्रव्ये तळाला गेली, म्हणून सोने आणि युरेनियम गाभ्यात आहे. शिलारस थिजतानाही जड अणू आधी बसतात. कोणते मूलद्रव्य स्फटिकात किती जाणार, हा आकडा ठरलेला असतो."

सोन्यापुरता निष्कर्ष बरोबर, कारण चूक.

"जड ते तळाला"
धातुरूपात सोन्याची घनता 19.3, युरेनियमची 19 च्या आसपास. जवळपास सारखीच. तरी सोने बहुतांशी गाभ्यात गेले आणि युरेनियम वर साचले: खंडीय कवचात दशलक्षात सुमारे 1.3 भाग, मूळ प्रावरणात (कवच वेगळे होण्याआधीच्या, गाभ्यावरच्या खडकात) जेमतेम 0.02. सोन्याला ओढ वितळलेल्या लोखंडाची, युरेनियमला ऑक्सिजनची. खडकात युरेनियम धातू म्हणून नसतेच, तेव्हा त्याच्या धातूची घनता इथे गैरलागू.

"जड अणू आधी बसतात"
सुटा अणू बसत नाही. बुडतो तो अख्खा स्फटिक (आणि प्लेजिओक्लेज या हलक्या खनिजाचा स्फटिक तर कधी तरंगतोही). स्फटिकात कोणाला जागा मिळेल हे आयनाची (प्रभारित अणूची) त्रिज्या आणि प्रभार ठरवतात. ऑलिव्हिन या हिरवट खनिजातल्या मॅग्नेशियमची त्रिज्या 0.72 अँगस्ट्रॉम, निकेलची 0.69, प्रभारही तोच; निकेल सहज शिरते. चार धन प्रभाराचे युरेनियम 0.89, ते शिलारसातच राहते.

स्फटिकातले प्रमाण भागिले शिलारसातले प्रमाण, हा विभाजन गुणांक. निकेलसाठी तो 10 धरा. शिलारसाचा दहावा हिस्सा ऑलिव्हिन होऊन सतत वेगळा होत गेला, तर उरलेल्यात निकेल 0.9 चा नववा (10 वजा 1) घात, म्हणजे मूळच्या 39 टक्केच उरते. युरेनियमचा गुणांक जवळपास शून्य, म्हणून ते उलट 11 टक्क्यांनी वाढते. वितळताना हा खेळ आणखी तीव्र होतो: गुणांक 0.001 असेल आणि खडकाचा फक्त 1 टक्का वितळला, तर त्या शिलारसात मूलद्रव्य मूळ खडकाच्या सुमारे 91 पट. 10 टक्के वितळला तर जेमतेम 10 पट. हा शिलारस वर चढतो, युरेनियम त्याच्यासोबत.

"आकडा ठरलेला"
ऑलिव्हिनने नाकारलेले युरेनियम झिरकॉन या दुसऱ्या खनिजाचा स्फटिक खुशाल घेतो. त्या युरेनियमचे ठरावीक वेगाने शिसे होत जाते, म्हणून झिरकॉनवरून खडकाचे वय काढता येते. स्फटिक तोच असला तरी तापमान, दाब, शिलारसाची घडण आणि ऑक्सिजन यांनी गुणांक हलतो. ऑक्सिजन कमी असला की युरोपियम या दुर्मिळ मृदा मूलद्रव्याचा प्रभार तीनवरून दोनवर येतो आणि ते प्लेजिओक्लेजमध्ये कॅल्शियमच्या जागी बसते. शेजारच्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या तुलनेत चंद्रावरच्या फिकट उंच प्रदेशांत युरोपियम जास्त आणि काळ्या बेसॉल्टमध्ये (थिजलेल्या लाव्ह्यात) कमी, हा त्याचाच ठसा.

तक्त्यातला गुणांक उचलताना तो मोजला कसा, हेही पाहावे. मोजमाप स्फटिकाच्या कडेचे आणि तिला लागून असलेल्या काचेचे (झटकन थिजलेल्या शिलारसाचे) हवे, कारण मधला भाग आधीच्या, वेगळ्या शिलारसातून वाढलेला असतो. स्फटिक मोजणाऱ्या लेझरच्या ठिपक्यात काचेचा कण आला तर घोटाळा मोठा: खरा गुणांक 0.0001 असताना 1 टक्का काच मिसळली की तो 0.01 दिसतो, म्हणजे शंभरपट.