बायकोनं नेलेला नवरा

आमच्या गल्लीत नवऱ्यानं बायकोला परदेशी न्यायची रीत आहे. उलटी रीत नाही. त्यामुळे आमची ही नर्सिंगच्या जोरावर ओटावाला गेली, कॅनडाची कायम रहिवासी झाली आणि तिनं मला स्पॉन्सर केलं, तेव्हापासून शेजारचे तात्या रोज बेळगावच्या खडेबाजारातल्या माझ्या रंगाच्या दुकानाशी थांबायला लागले.

"काय रे, बायको न्यायलीय काय न्हाई तुला? का इसरली?"

अर्ज मंजूर व्हायला 19 महिने लागले. रविवार सोडले तर तात्यांनी हे पाचशेएक वेळा विचारलं असेल.

पहिलाच अडसर म्हणजे मी जन्मलो कुठे. पासपोर्टवर इंग्रजीत 'बेलगाम'. 1 नोव्हेंबर 2014 ला गावाचं सरकारी नाव बदललं, म्हणून लग्नाच्या दाखल्यावर 'बेळगावी'. आणि लग्नपत्रिकेत अर्थातच बेळगाव. ओटावातल्या साहेबाला वाटायचं, हा माणूस जन्मला एका गावात, लग्न केलं दुसऱ्यात आणि आमंत्रणं पाठवली तिसऱ्याला! शेवटी नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं, की ही तिन्ही गावं एकच आहेत. नोटरीनं विचारलं, "राज्य?" माझ्या मागे सोबतीला आलेले तात्या मोठ्यानं खाकरले. 1956 पासूनचा वाद, 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलेला दावा, आणि इथं एका ओळीत उत्तर हवं. मी हळूच "कर्नाटक" म्हणालो. तात्या दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत.

लग्न खरं आहे हे पटवायला पत्रिकेचं इंग्रजी भाषांतर जोडायचं ठरलं. भाषांतर करणारे गृहस्थ प्रामाणिक. शब्दाला शब्द. 'चिरंजीव'चं त्यांनी 'इम्मॉर्टल' केलं. हे चाललं असतं, पण 'चि. सौ. कां.' फोडून त्यांनी हिच्या नावामागे 'फॉर्च्यून सीकर' लावलं! परदेशी स्थायिक होण्याच्या अर्जात एक अमर नवरा आणि एक नशीब काढायला निघालेली बायको. पुढं मेडिकल तपासणीला बोलावलं तेव्हा मला वाटलं, अमर माणसाची शुगर कशाला बघतात? (ते भाषांतर मी अर्थात बदलून घेतलं. दुसऱ्यांदा पैसे मोजून.)

फोटोंचं तर विचारू नका. लग्नातल्या एकाही फोटोत आमचे चेहरे धड दिसत नाहीत. हिच्या कपाळावरून मुंडावळ्या लोंबतायत आणि माझा फेटा भुवयांपर्यंत उतरलेला. बाकी फोटोंत आम्ही दोघं खुर्चीत आणि मागे आहेराची पाकिटं घेऊन ताटकळलेली रांग. हसतंय कोण, तर फक्त केटरर.

मग व्हॉट्सॲपवरचं बोलणं. नातं चालू असल्याचा पुरावा म्हणून त्याचे स्क्रीनशॉट जोडायचे होते. मी रात्रभर मागे मागे गेलो, कुठंतरी काही गोड सापडेल म्हणून. सापडलं ते असं:

"गॅसचा नंबर लावला?"

"लावतो."

"चार दिवस झाले."

"लावतो म्हणलं न्हवं."

"आईंच्या बीपीच्या गोळ्या?"

"आणल्या."

"फोटो पाठव पाकिटाचा."

ओटावा आपल्यापेक्षा साडेनऊ-साडेदहा तास मागे. म्हणजे हे सगळं ती रात्रपाळी करून आल्यावर, डोळे मिटता मिटता. मी असली पंधरा पानं जोडली. त्यावर ना शंका आली ना खुलासा मागितला. साहेबही लग्न झालेला असावा.

बोटांचे ठसे द्यायला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर हलत बेंगळुरूला गेलो. वीस वर्षं टर्पेंटाइननं हात धुऊन ठसे पुसट झालेत. मशीन तीनदा नाही म्हणालं. चौथ्यांदा तिथल्या मुलीनं माझा अंगठा असा दाबला, की जन्मदाखल्याशिवाय काम व्हावं.

आणि मग वाट बघणं. कर्नाटकात एक जुनी दंतकथा आहे: रात्री दार वाजवणाऱ्या भुताला चकवायला लोक दारावर 'नाळे बा' लिहायचे. उद्या ये. भूत वाचायचं, परत जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी रोज रात्री लॉगिन करायचो. 'इन प्रोग्रेस'. भुतासारखा परत.

मंजुरीचा मेल आला पहाटे तीनला. आईला उठवलं.

"म्हणजे कायमचं?"

"होय. कार्ड मिळेल पाच वर्षांचं."

"कायमचं म्हणतात नि पाच वर्षांचं कार्ड देतात?" कूस बदलून आई झोपली.

सकाळी कुंदा घेऊन तात्यांकडे गेलो. त्यांनी चमचाभर तोंडात टाकला आणि विचारलं, "कुठलं राज्य ते?"

"ओंटारिओ. खरं गाव अगदी काठावर हाय. नदी ओलांडली की क्युबेक. तिथं फ्रेंच चालतं. दुकानाच्या पाटीवर फ्रेंच अक्षरंच ठळक लागतात, न्हाईतर दंड."

तात्यांचा चमचा थांबला. गेल्या वर्षी मराठी पाटी झाकून वर मोठी कन्नड अक्षरं रंगवायला मीच पाच दुकानांना डबे विकले होते, ते त्यांनी बघितलं होतं.

"म्हणजे सीमाभागच की!" तात्या खुलले. "मग तुझं चांगलं चालंल तिथं. रंग घेऊन जा."