मशीन आमचं, तर सॉफ्टवेअरचं उत्तरही आम्हीच द्यायचं

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय मी सर्व्हिस टीमसोबत बसून वाचला. तक्रार अशी: धातूच्या पावडरीचे थर लेझरने वितळवून भाग घडवणाऱ्या आमच्या मेटल थ्रीडी प्रिंटरसोबत आम्ही दुसऱ्या कंपनीचं गुणवत्ता तपासणीचं सॉफ्टवेअर दिलं. टायटॅनियमच्या एका बिल्डमध्ये, म्हणजे एका छपाईत, त्याने तीनशेच्या वर अलार्म दिले, पण सीटी स्कॅनमध्ये ज्या पोकळीमुळे भाग बाद झाला, तिथे एकही नाही. फोन केलात तर आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांकडे बोट दाखवलं आणि त्यांनी आमच्याकडे.

या टोलवाटोलवीबद्दल आधी माफी मागतो. बिल आमच्या नावाचं होतं, म्हणजे फोनही आम्हीच घ्यायला हवा होता. यापुढे सॉफ्टवेअरची तक्रारही आमच्याच सर्व्हिसकडे नोंदवली जाईल. त्या कंपनीशी बोलणं आमचं काम.

आता ती पोकळी. तुम्हाला दिलेल्या संचात फक्त कॅमेरा आहे. तो प्रत्येक थराचे दोन फोटो काढतो, एक पावडर पसरल्यावर आणि एक लेझर फिरल्यावर. तुमची पोकळी चपटी आहे, दोन थरांच्या मधली. वरून थर व्यवस्थित वितळलेला दिसतो. खालच्या थराशी तो सांधला की नाही, हे फोटोत कळत नाही. त्याचा माग काढायचा तर वितळलेल्या धातूतून येणारा प्रकाश मोजणारा फोटोडायोड लागतो, आणि तोही संशयाची जागा दाखवतो, खात्री देत नाही. विकताना हे सांगायला हवं होतं. उलट ‘सीटीचा खर्च वाचेल’ असं तुम्हाला सांगितलं गेलं, ते चूक होतं. थ्रीडी छपाईच्या भागांसाठीचं नासाचं 2021 सालचं नासा-एसटीडी-6030 हे मानकसुद्धा अशी देखरेख आधी पात्र ठरवल्याशिवाय तिच्या आधारे भागाचा दर्जा ठरवू देत नाही. आमच्या माहितीपत्रकातलं ते वाक्य काढलं आहे.

तीनशे अलार्मचं कारण वेगळं. अलार्मची मर्यादा आम्ही आमच्या चाचणीच्या भरीव ठोकळ्यांवर ठरवली होती. तुमच्या भागात पातळ भिंती आणि अधांतरी कडा आहेत. अशा कडेखाली सैल पावडर असते, उष्णता लवकर वाहून जात नाही, कड किंचित वर उचलते आणि पुढचे कित्येक थर तेच चिन्ह उमटत राहतं. बाकीचे बरेचसे अलार्म रीकोटरच्या, म्हणजे पावडर पसरवणाऱ्या पात्याच्या, बारीक रेघांचे होते. लेझर खालचे काही थर पुन्हा वितळवतो, त्यामुळे त्या अनेकदा भरून निघतात. पण रोज ‘लांडगा आला रे’ ऐकल्यावर ऑपरेटर स्क्रीनकडे बघणं सोडतो, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. या व्यवसायात मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. बाहेरचं सॉफ्टवेअर दिलं म्हणजे आम्हाला आमच्याच मशीनवर भरवसा नाही, असं तुम्ही लिहिलंय. लेझर, वायूचा प्रवाह, रीकोटर हे आमचं काम. हजारो थरांचे फोटो वाचून त्यातला दोष ओळखणं ही वेगळी विद्या आहे आणि ती त्यांच्याकडे आमच्यापेक्षा चांगली आहे. शिवाय तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचाही प्रिंटर आहे. दोन्हींच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवता येतात. आणि मशीन बनवणाऱ्यानेच आपल्या मशीनला पास करावं, हे मला स्वतःला पटत नाही.

तुमच्याकडे येऊन आम्ही तुमच्याच पावडरीवर, तुमच्याच भिंतींच्या जाडीवर नमुने छापू. त्यात मुद्दाम दोष ठेवू, ते सीटीत कसे दिसतात ते पाहू आणि त्यावरून मर्यादा नव्याने बसवू. फोटोडायोडचा संच आमच्या खर्चाने बसेल. हे होईपर्यंतचं लायसन्स शुल्क घेणार नाही. कच्चा डेटा तुमचा आहे, तो उघडता येईल अशा फाइलमध्ये मिळेल.

सीटीच्या फाइली आणि तो भाग बिल्ड प्लेटवर कुठे, कोणत्या दिशेने ठेवला होता, एवढं पाठवा. पोकळीच्या उंचीवरचे थर मी स्वतः टीमसोबत एकेक करून पाहणार आहे.