नर्मदा आली का?

काल रात्री मुलाशी फोनवर जरा खडाजंगी झाली. तो पुण्यात असतो, सात वर्षं झाली. विषय त्याच्या आजीचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. दोन महिने आईंना तुझ्याकडे ने, एवढंच मी म्हणत होते. तर म्हणाला, "आजीच्या सवयी आता बदलणार आहेत का गं? नाही रमायची ती इथे." बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि ओटा पुसता पुसता राग यायला लागला. नेमका कशाचा ते तेव्हा कळेना. आत्ता सकाळ आहे, पोहे वाफेवर ठेवलेत, कचऱ्याची गाडी यायला अवकाश आहे, तर लिहूनच टाकते.

आधी त्याच्या बाजूचं सांगते, कारण पुरावा भरपूर आहे. आम्ही इंदूरचे; इथलंच रामबागेतलं जुनं घर सोडून राजेंद्रनगरला फ्लॅटमध्ये आलो त्याला सहा वर्षं झाली. इथे पाणी खालच्या टाकीत पडतं, तिथून गच्चीवर चढतं, नळ कधीही सोडा, पाणी आहे. तरी एक दिवसाआड पहाटे पाचला आई उठणार, गॅलरीत जाऊन खाली वॉचमनला हाक मारणार, "भैया, नर्मदा आई क्या?" तो बिचारा खालून ओरडून सांगतो, "आ गई अम्मा." मग आदल्या वेळचा तांब्याचा हंडा रिकामा. चांगलं पाणी, पण शिळं! ते कुंड्यांना. हंडा चिंचेने घासायचा, विसळायचा, भरायचा, वर पंचा बांधायचा. एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. हंडा आता उचलवत नाही, म्हणून नळाखालीच स्टूल ठेवून त्यावर तो बसवलाय आणि तांब्याने पाणी काढतात.

बाहेरच्यांना गंमत वाटते, की इंदूरचे लोक 'पाणी आलं' न म्हणता 'नर्मदा आली' म्हणतात. पण त्यात कवित्व काही नाही. आई १९६४ साली लग्न होऊन या शहरात आल्या तेव्हा यशवंत सागर, बिलावली, सिरपूरचा तलाव आणि घरोघरच्या विहिरी, एवढ्यावर सगळं भागायचं. उन्हाळ्यात भागायचं नाही. नर्मदा सत्तर किलोमीटरवर, शिवाय खाली, आणि आपण वर माळव्याच्या पठारावर. लोकांनी आंदोलनं केली, आणि १९७८ मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी टप्प्याटप्प्याने चढवून नदी शहरात आणली. पहिल्यांदा नळाला नर्मदा आली तेव्हा रामबागेत बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं होतं, असं आई सांगतात. चौदा वर्षं ज्या बाईने बादल्या मोजून संसार केला तिला तुम्ही सांगणार, की वर टाकी भरलेली आहे?

तर मुलाचं म्हणणं असं, की बघ, हेच ते. बदलत नाही.

आता माझी बाजू. २०१६ च्या आधीचं इंदूर ज्यांनी पाहिलंय त्यांनी जरा आठवून बघावं. आमच्या रामबागेतल्या गल्लीच्या तोंडाशी उकिरडा होता. कायमचा. पत्ता सांगताना 'उकिरड्याच्या पुढे उजवीकडे' असं सांगायचो. त्यावर दोन गाई, चार कुत्री आणि सगळ्या गल्लीच्या आंब्याच्या कोयी. आमच्या घरातून रोज सकाळी एक प्लास्टिकची पिशवी तिथे भिरकावली जायची, आणि ती भिरकावण्यात आईंचा हात चांगला होता, गॅलरीतून नेम चुकायचा नाही. देशातल्या स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०१६ ला आपण पंचविसावे होतो. २०१७ ला पहिले आलो आणि २०२३ पर्यंत सलग सात वेळा आलो. हल्ली कोणी पाहुणे आले की आपले लोक छाती फुगवून सांगतात, स्वच्छता इंदूरच्या रक्तातच आहे. रक्तात काही नव्हतं हो. रक्तात उकिरडा होता.

झालं काय, तर गाडी दारात यायला लागली. रोज, ठरलेल्या वेळी, गाणं वाजवत. बस. पहिले पंधरा दिवस आईंनी विरोध केला. ओला वेगळा, सुका वेगळा, म्हणजे घरात कचऱ्याचे दोन डबे ठेवायचे! स्वयंपाकघरात! आमच्याकडे असलं चालत नाही. गाडीवरच्या पोराने एकदा मिसळलेली बादली परत केली, सगळ्या गल्लीसमोर. समोरच्या काकू बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्याखाली दोन डबे. पुढे गाडीला कप्पे वाढत वाढत सहा झाले: ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, सॅनिटरी आणि घरातला घातक कचरा. ते मला पाठ व्हायच्या आधी आईंना पाठ. रिमोटचे सेल कुठे, औषधाची रिकामी पट्टी कुठे, हे मी आजही त्यांना विचारते. देवगुराडियाला २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा कारखाना सुरू झाला, दिवसाला साडेपाचशे टन कचरा रिचवणारा. ते पेपरात वाचून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या दुधीच्या सालींवर बस चालते." तेव्हापासून सिटी बसकडे जरा मालकीणबाईंसारख्या बघतात.

वय तेव्हा बहात्तर-त्र्याहत्तर. मग 'या वयात सवयी बदलत नाहीत' ते काय झालं?

आणि गंमत पुण्यातच झाली. मागे आठ दिवस आम्ही मुलाकडे गेलो होतो. इंजिनियर माणूस, त्याच्या घरात कचऱ्याचा एकच डबा. चौथ्या दिवशी फ्रिजमध्ये मागे एक वाटी सापडली, झाकलेली. उघडून बघते तर चहाचा चोथा आणि केळ्याची सालं. आईंना ती त्या डब्यात टाकवली नव्हती. नातवाला बोलायचं नाही, म्हणून वाटीत. बाहेर फिरायला गेलो की चॉकलेटचा कागद त्यांच्या पर्समध्ये. पर्स इंदूरला येऊन रिकामी झाली, सुका, प्लास्टिक, असं वेगळं करून. मुलगा म्हणतो आजी रमणार नाही. अरे, तुझ्या घरात डबा नव्हता!

सवय मनात असते असं आपण धरून चालतो, म्हणून ती बदलायला मन वळवत बसतो. मला हल्ली वाटतं ती हातात असते आणि घड्याळात असते. गेल्या श्रावणात महेश्वरला गेलो होतो. तिथे वाड्यात अहिल्याबाईंच्या वेळेपासून चालत आलेलं लिंगार्चन अजून रोज सकाळी होतं. ब्राह्मण ओळीने बसून काळ्या मातीची बोराएवढी शिवलिंगं करतात, पाटांवर मांडतात, पूजा होते, आणि सगळी नर्मदेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती. मी त्यांच्या बोटांकडेच बघत होते. एक गुरुजी शेजाऱ्याशी मुलीच्या ॲडमिशनचं बोलत होते आणि अंगठा आपला लिंग वळतोय.

अहिल्याबाईंची दिनचर्याही माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. १८१८ मध्ये होळकरांशी मंदसौरचा तह करणारा हाच, ज्यानंतर त्यांची राजधानी इंदूरला आली आणि बहुतेक तुमचे-आमचे पणजोबा-खापरपणजोबा दप्तरं उचलून इकडे. सूर्योदयाआधी तासभर उठणं, पूजा, पुराण ऐकणं, दानधर्म, अन्नदान, मग स्वतःचं साधं जेवण. थोडी विश्रांती, दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सूर्यास्तापर्यंत. पुन्हा पूजा, थोडा फराळ, आणि रात्री नऊ ते अकरा परत कामकाज. नवरा गेला, सासरे गेले, एकुलता मुलगा गेला, आणि बाई पुढे जवळजवळ तीस वर्षं हे करत राहिल्या. लोक त्याला भक्ती म्हणतात, निष्ठा म्हणतात. असेलच. पण सकाळी उठून काय करायचं हे ठरलेलं असणं, हा केवढा आधार असेल! माझे सासरे गेले तेव्हा आईंना तेराव्यापर्यंत कोणी काही करू दिलं नाही. चौदाव्या दिवशी पहाटे पाचला हंडा घासल्याचा आवाज आला आणि मी पांघरुणात हुश्श केलं.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर पोस्ट गोड झाली असती. पोह्यांचंही लिहिणार होते, की आपण ते महाराष्ट्रातून आणले म्हणतात, आणि इथल्या लोकांनी त्यांना पातेल्यावर वाफवून, बडीशेप घालून, वर सेव नि जिरावन मसाला भुरभुरून, शेजारी जिलेबी ठेवून असं केलं, की आता पुण्याचे दाणे-खोबऱ्याचे पोहे आम्हाला आजाऱ्याचं पथ्य वाटतात. ते राहू दे. कपाचं सांगायला हवं.

आमच्या घरी धुणंभांड्याला येणाऱ्या बाईचा कप वेगळा होता. पांढरा, निळ्या फुलांचा, कानाला टवका उडालेला. रामबागेत तो न्हाणीघराच्या कोनाड्यात असायचा, फ्लॅटमध्ये आला तो सिंकखालच्या कप्प्यात, फिनेलच्या बाटलीशेजारी. ट्रकमधून सामान आलं तेव्हा आईंचे तीन पितळी डबे हरवले, पण तो कप पेपरात गुंडाळून नीट आला. गुंडाळला मीच होता. एमए झालेली मी, राज्यशास्त्र. लग्नानंतर सत्तावीस वर्षं मी त्या कपात चहा ओतला आणि एकदाही माझा हात अडखळला नाही.

अडखळवलं मुलीने. सुट्टीत आली होती, तिने सिंकखालचा कप बघून विचारलं, "हा इथे का?" मी म्हटलं, "असतो तिथे." माझंच उत्तर मला ऐकू आलं. मग मी आईंशी भांडले, म्हणजे स्वतःशीच भांडायचं ते त्यांच्याशी. त्या म्हणाल्या, "चालत आलंय ते. तिला कधी वाईट वाटलं का?" मी सहा सारखे कप आणले. त्यातल्याच एकात बाईंना चहा दिला. त्यांनी कप उलटसुलट पाहिला, एका घोटात संपवला आणि म्हणाल्या, "भाभी, मेरा वाला ही दो, उसमें चाय ज्यादा आती है."

आईंचा चेहरा बघण्यासारखा होता. बघ! तिलाच नको!

यावर मी बरेच दिवस विचार केला. पंधरा वर्षं ती बाई त्या कपातून चहा पितेय, तोही तिच्या हाताला बसलाच असणार. आणि खरंच त्यात चहा जास्त बसायचा, मी मापून पाहिलं. पण म्हणून तो फिनेलशेजारी होता ते बरोबर होत नाही. डब्यांची सवय पंधरा दिवसांत लागली, कारण गाडी दारात यायची आणि समोरच्या काकू बघत असायच्या. सिंकखाली कोण बघतंय? आपल्या घराची 'आमच्याकडे असंच असतं' यातली निम्मी यादी सिंकखालची असते, आणि तिला आपण परंपरा, संस्कार, काय वाटेल ते म्हणतो. मुलगा म्हणतो आजी बदलणार नाही, ते ऐकून राग आला तो यामुळेच. सोयीचं वाक्य आहे ते. आजीला सांगायला नको, आणि स्वतः एक डबा जास्तीचा आणायला नको.

मी कप वर घेतला, बाकीच्या कपांच्या ओळीत ठेवला. आई काही बोलल्या नाहीत, फक्त स्वतःचा कप फळीच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. असे तीन महिने गेले. मग एक दिवस विसळताना तो माझ्या हातून निसटला आणि फुटला. चुकून. आईंचा अजून विश्वास बसलेला नाही. बाई हळहळल्या. आता त्या नव्या कपातून पितात, दोनदा भरून घेतात, दुसऱ्यांदा मागायला लाजत नाहीत.

तुकडे मी सुक्यात टाकायला निघाले, तर आईंनी अडवलं. पेपरच्या चार घड्यांत बांधले, वरून सुतळी. गाडीचं गाणं ऐकू आलं तशा स्वतः लिफ्टने खाली गेल्या. मी वरून बघत होते. गाडीवरच्या पोराने हात पुढे केला तर पुडी त्याला देईनात. आधी त्याच्या हातात मोजे आहेत का ते पाहिलं. नव्हते. मग गाडीच्या कडेला पुडी ठेवून त्याला म्हणाल्या, "बेटा, इसको ऐसे मत पकड़ना, हाथ कट जाएगा. मोजे कहाँ हैं तेरे?" तो हसला. गाडी दोन मिनिटं थांबली, मागच्या बिल्डिंगवाले ओरडायला लागले, पण त्याने सीटखालून मोजे काढून घातल्याशिवाय आई हलल्या नाहीत.

पोहे झाले. गाडी आली.