तीन दिवसांत पैसे आणि पंधरा दिवसांनंतरचा चेक

केंद्राच्या २०२० च्या तीन कृषी कायद्यांचा विषय निघाला की सोलापुरात अजूनही ऐकू येतं, ‘कायदे चांगले होते, पंजाबच्या आडत्यांनी बिघडवलं.’ १९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेताना पंतप्रधानांचाही सूर साधारण तोच होता, की काही शेतकऱ्यांना आम्ही समजावू शकलो नाही. माझं म्हणणं असं की कांदेवाल्याला ते व्यवस्थित समजले होते. निदान ज्याला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, वाचता येते त्याला तरी.

‘बाजार समितीबाहेर विकायचं स्वातंत्र्य’ ही कायद्याची मोठी जाहिरात होती. महाराष्ट्रात फळं-भाजीपाला जुलै २०१६ मध्येच नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीतच विकायचं बंधन गेलं, कांदा-बटाट्यासकट. आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, तेही तेव्हाच शेतकऱ्याच्या माथ्यावरून काढून खरेदीदारावर टाकलं. म्हणजे २०२० च्या आधी चार वर्षं बांधावर कांदा विकायला कुणाची आडकाठी नव्हती. तरी बार्शी-मोहोळपासून पार विजयपूरपर्यंतच्या गोण्या सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीतच येऊन उतरतात. बांधावर गिऱ्हाईक एकच असतं आणि भावही तोच सांगतो. यार्डात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, निदान बोली लागते.

यार्ड म्हणजे धुतल्या तांदळासारखं, असं मुळीच नाही. फेब्रुवारी २०२३ ची ती गाजलेली पट्टी आठवा. बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या दहा गोण्या, वजन ५१२ किलो, भाव किलोला एक रुपया. भाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन उरले २ रुपये ४९ पैसे. चेक निघाला दोन रुपयांचा, तोही पंधरा दिवसांनंतरच्या तारखेचा. लोक दोन रुपयांवर हसले-रडले. मला तारीख जास्त खटकली. आणि वजावटीचा हिशोबही बघा: गोणीमागे साधारण ५१ रुपये. भाडं, हमाली, तोलाई हे सगळं नगावर आणि वजनावर चालतं, भावावर नाही. कांदा वीस रुपयांनी गेला काय आणि रुपयाने गेला काय, कापायचं ते तेवढंच कापलं जातं. त्यात फेब्रुवारीचा तो लाल कांदा साठवणीच्या कांदाचाळीत टिकत नाही. भाव पडला म्हणून घरी नेऊन ठेवीन म्हणायचीही सोय नाही.

त्या प्रकरणात एक गोष्ट मात्र झाली. बाजार समितीने व्यापाऱ्याचा परवाना पंधरा दिवस निलंबित केला. शिक्षा किरकोळच, पण धरायला परवाना तरी होता. नव्या कायद्यात यार्डाबाहेर खरेदी करायला पॅन कार्ड पुरेसं होतं. पैसे त्याच दिवशी, फार तर तीन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे. नाही दिले तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा, मग सलोखा मंडळ, तीस दिवसांत मिटलं नाही तर प्रांताचा निकाल, त्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील. दिवाणी न्यायालयाचं दार कलम १५ ने बंद.

२९ नोव्हेंबर २०२० च्या ‘मन की बात’मध्ये धुळे जिल्ह्यातल्या मका उत्पादकाचं उदाहरण याचसाठी दिलं गेलं. व्यापाऱ्यांनी पंचवीस हजार आगाऊ दिले, बाकी चार महिने थकवली, नव्या कायद्याने ती मिळाली. मिळाली हे चांगलंच झालं. पण एका प्रांताने एक तक्रार सोडवणं वेगळं आणि ऐन हंगामात रोज शेकडो पट्ट्या थकणं वेगळं. भूसंपादन, फेरफाराची अपिलं, निवडणुका सांभाळणाऱ्या टेबलावर ती फाईल कितव्या नंबरला येईल, ते प्रांत कचेरीत चकरा मारलेल्यांना विचारा.

मुदत छापून पैसे येत नाहीत, हे सोलापूर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यात एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, चौदा दिवसांत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. थकबाकी राहिली की साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे वसुलीचा आदेश, काढणार, वसुली महसूल खात्याने करायची. इतकं सगळं कागदावर असून दर हंगामात एफआरपीसाठी आंदोलनं होतातच. ऊस घेणारा कारखाना निदान जागचा हलत नाही. कांदा घेणाऱ्याचा ट्रक रात्रीतून राज्य ओलांडतो.

बरं, या शंका फक्त आंदोलकांच्या म्हणाव्यात, तर ९ डिसेंबर २०२० ला सरकारनेच लेखी प्रस्ताव दिला: व्यापाऱ्यांची नोंदणी राज्यं करू शकतील, दिवाणी न्यायालयाचा पर्याय देऊ, खाजगी बाजारावरही कर लावता येईल. म्हणजे हरकती खऱ्या होत्या, हे कबूलच झालं. त्यानंतरही ‘शेतकऱ्यांची दिशाभूल’ हे पालुपद चालूच राहिलं.

आता कांद्याचा मुख्य घोळ. १४ सप्टेंबर २०२० ला निर्यातबंदी आली. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने त्या तिन्हींपैकी एक, जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती, मंजूर केली, म्हणजे कांदा साठ्याच्या बंधनातून मोकळा! एकाच आठवड्यात दोन्ही. निर्यातबंदी येते १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली आणि तिन्ही कायद्यांपैकी एकानेही त्याला हात लावला नव्हता. शिवाय दुरुस्तीतच पळवाट होती, भाव दुप्पट झाला की साठामर्यादा लावता येईल. २३ ऑक्टोबरला ती लागलीही. घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला २ टन. २५ टन म्हणजे पन्नास किलोच्या पाचशे गोण्या. एवढ्या गोण्या मोठा खरेदीदार एका सकाळी उचलतो. आधीचा माल रवाना होईपर्यंत त्याला पुढच्या ढिगावर बोली लावता येत नाही, हात आखडला की लिलाव थंडावतो, भाव खाली येतो आणि नुकसान गोणीवाल्याचं.

आणि जाता जाता राज्य सरकारचं २०२३ चं कांदा अनुदान. क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटल, १ फेब्रुवारी ते ३१ मार्चमधली विक्री. कागद काय मागितले? विक्रीची पट्टी आणि कांद्याची नोंद असलेला सातबारा. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, राहिलेले अडकले, पट्टी एकाच्या आणि सातबारा घरातल्या दुसऱ्याच्या नावाने असलेल्यांना सहमतीचं शपथपत्र जोडावं लागलं. विक्री धरली बाजार समितीतली, खाजगी बाजारातली, थेट पणन (शेतकऱ्याकडून थेट खरेदी) परवानाधारकाकडची किंवा नाफेड या सहकारी खरेदी संस्थेकडची. बांधावर नुसत्या पॅन कार्डवाल्याला माल दिलेल्याकडे दाखवायला पट्टीच नसते.