बेलफास्टच्या वाटाघाटींतील महिला: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक व प्रोटेस्टंट समाजांमधला दीर्घ रक्तपात थांबवण्यासाठी झालेल्या 1998 च्या करारातील महिलांच्या सहभागावर मी जो लेख लिहिला, त्यावर आपले म्हणणे असे आहे की, स्त्रिया स्वभावतःच शांतताप्रिय असतात हा भाबडा समज त्याच्या मुळाशी आहे, जेमतेम एक टक्का मते मिळवणाऱ्या महिलांच्या पक्षाला मी नको तेवढे श्रेय दिले आहे आणि ज्यांच्या हाती बंदुका असतात त्यांच्यावाचून शांतता होत नाही.

स्वभावाबद्दल आपल्याशी माझा वाद नाही. 1981 च्या तुरुंगातील उपोषणात दहा कैदी मरण पावले तरी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी राजकीय कैद्याचा दर्जा देण्यास ठाम नकार दिला, आणि 1973 मध्ये लंडनमध्ये स्फोट घडवणाऱ्या, ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेच्या गटात तरुणीही होत्या. माझा मुद्दा अनुभवाचा आहे. तीस वर्षांच्या या संघर्षात सुमारे 3,500 माणसे मारली गेली, त्यांत पुरुषांची संख्या फार मोठी होती; मागे उरलेले घर चालवणे, तुरुंगात भेटीला जाणे, दंगलीच्या रात्री मुलांना घरात थोपवून धरणे हे बहुतांशी बायकांच्या वाट्याला आले. त्यामुळे कराराकडून त्यांच्या अपेक्षाही वेगळ्या होत्या.

एक टक्क्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. 1996 मध्ये वाटाघाटींचे प्रतिनिधी निवडण्यासाठी निवडणूक जाहीर झाली, तेव्हा उमेदवार याद्यांत स्त्रियांना स्थान द्यावे ही मागणी प्रस्थापित पक्षांनी मनावर घेतली नाही, म्हणून काही आठवड्यांत ‘नॉर्दर्न आयर्लंड विमेन्स कोअलिशन’ हा पक्ष उभा राहिला. संपूर्ण प्रांतात पहिल्या दहांत येणाऱ्या प्रत्येक पक्षाला दोन जादा जागा मिळणार होत्या. हा नियम त्यांनी नीट हेरला, विखुरलेली मते गोळा केली आणि मोनिका मॅकविल्यम्स व पर्ल सागर निवडून आल्या. एक कॅथलिक, दुसरी प्रोटेस्टंट. दोन्ही समाजांचा तोल त्यांनी पुढेही कटाक्षाने सांभाळला, आणि सभागृहात काही पुरुष सदस्यांनी त्यांची हेटाळणी केली तरी त्यांनी जागा सोडली नाही. 1998 च्या सुरुवातीला हिंसाचारामुळे आयआरएशी जोडलेल्या शिन फेन या पक्षाला काही काळ चर्चेबाहेर ठेवले गेले, तेव्हाही त्यांनी त्या पक्षाशी संपर्क तोडला नाही. माझ्या मते हे काम मतांच्या टक्केवारीत मोजता येणारे नाही.

बंदुकांविषयीचे आपले म्हणणे अर्धे खरे आहे. प्रमुख पक्षांचे नेते ट्रिंबल, ह्यूम, ॲडम्स आणि वाटाघाटींच्या अध्यक्षपदी बसलेले अमेरिकेचे जॉर्ज मिचेल यांच्यावाचून 10 एप्रिल 1998 चा करार झालाच नसता, हे मी मूळ लेखातही लिहिले होते. परंतु कराराचा मसुदा उघडून पाहावा. कैद्यांची सुटका, शस्त्रत्याग आणि सत्तावाटप यांच्याबरोबरच त्यात हिंसाचाराच्या बळींना साहाय्य, दोन्ही समाजांच्या मुलांसाठी एकत्र शिक्षण, मिश्र वस्त्या आणि स्त्रियांचा राजकारणातील पूर्ण व समान सहभागाचा हक्क ही कलमेही आहेत. ती तिथे यावीत यासाठी आग्रह धरणाऱ्यांत हा पक्ष आघाडीवर होता. शस्त्रधारी गटांशीच बोलणी करून शस्त्रसंधी साधता येते. पण ज्या आईचा मुलगा गेला तिला पुढे काय, हा प्रश्न त्या बोलणीत आपोआप येत नाही, कुणीतरी तो मांडावा लागतो.

आपला आक्षेप खरोखर लागू पडतो तो करारानंतरच्या काळाला. 2003 मध्ये या पक्षाने विधानसभेतील आपल्या दोन्ही जागा गमावल्या आणि 2006 मध्ये तो विसर्जित झाला. नागरी संघटनांना धोरणात स्थान मिळावे म्हणून त्यांनी आग्रहाने मागितलेला ‘सिव्हिक फोरम’ 2002 मध्येच स्थगित झाला होता, तो पूर्ववत झाला नाही. एकत्र शाळांत शिकणाऱ्या मुलांचे प्रमाण आजही दहा टक्क्यांच्या आतच आहे, आणि बेलफास्टमध्ये दोन समाजांच्या वस्त्यांमधील भिंती अजून उभ्या आहेत.